पाठनिश्चिती आणि वैज्ञानिक बुद्धी : सुकथनकरांच्या आदिपर्वाचा दाखला

‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा शब्दप्रयोग १९७६ च्या घटनादुरुस्तीने भारतीय नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत दाखल झाला, आणि तेव्हापासून व्यासपीठांवरून तो इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याचा नेमका आशय काय, हे विचारण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. साहित्याच्या अभ्यासकांस तर तो बहुधा परक्या घरचा वाटतो. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, मोजमापाची यंत्रे यांच्याशी त्याची सांगड घातली गेल्यामुळे, पोथ्या, टीका आणि पाठपरंपरा यांच्या जगात त्याला काही काम असेल असे सहसा मानले जात नाही. वस्तुतः भारतीय विद्येच्या क्षेत्रात विसाव्या शतकात जे सर्वांत मोठे सामूहिक कार्य पार पडले, त्याच्या मुळाशी हीच विचारपद्धती होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे ते कार्य होय. तिचा पाया ज्यांनी घातला त्या डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर (१८८७–१९४३) यांच्या आदिपर्वाच्या संपादनाचा विचार येथे त्या दृष्टीने करावयाचा आहे.

प्रश्न काय होता, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात महाभारत छापले गेले ते मुख्यतः कलकत्ता (१८३४–३९) आणि मुंबई (१८६२–६३) येथून. मुंबईच्या आवृत्तीत नीलकंठ चतुर्धरांची टीका होती, आणि पुढे देशभर जो पाठ प्रचलित झाला तो प्रामुख्याने नीलकंठांचाच. गोदातीरीच्या कोपरगावाहून आलेल्या घराण्यातील हे पंडित सतराव्या शतकात काशीस राहून गेले. निरनिराळ्या प्रांतांतील अनेक पोथ्या जमवून त्यांतील उत्तम पाठ आपण निवडले, असे त्यांनी स्वतःच प्रारंभी नमूद केले आहे. ‘उत्तम’ कशावरून, हे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि त्यांच्या काळी तसे कोणी विचारलेही नसते. व्युत्पन्न पंडिताची अभिरुची हेच प्रमाण होते. दुसरीकडे दक्षिणेतील तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांतील पोथ्यांत एक निराळेच, अधिक विस्तृत महाभारत नांदत होते. काश्मीर, नेपाळ आणि बंगाल येथील पोथ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मॉरिझ विंटरनित्स यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत चिकित्सक आवृत्तीची आवश्यकता मांडली, हाइन्रिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये तिचा अल्पसा नमुनाही छापला. पहिल्या महायुद्धात ते सारे बारगळले. पुण्यात काम सुरू झाले ते १ एप्रिल १९१९ रोजी, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या आश्रयाच्या बळावर. नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढून ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ पाठविली. अंतिम ग्रंथाआधी कच्चा नमुना टीकेसाठी खुला करणे ही त्या काळच्या आपल्याकडील संपादनव्यवहारात दुर्मिळ गोष्ट होती, एवढे येथे नोंदवून पुढे जावयास हरकत नाही.

सुकथनकरांकडे प्रमुख संपादकत्व आले ते १९२५ मध्ये. त्यांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचे होते. पुढे बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली ते संस्कृतकडे वळले. गणिताच्या शिस्तीमुळेच ते उत्तम संपादक झाले असे सरळ म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण गणित शिकून भोंगळ विचार करणारी माणसेही थोडी नाहीत. तथापि त्यांच्या कामातील पहिली सवय ओळखीची वाटते : उत्तराकडे धाव घेण्यापूर्वी प्रश्न नेमका करणे. होल्ट्समान, डालमान, हॉपकिन्स आदी पंडित महाभारताचे मूळ रूप, त्याचे कर्ते, त्याच्या वाढीचे टप्पे यांविषयी परस्परविरोधी सिद्धान्त मांडून बसले होते. त्या वादात सुकथनकरांनी संपादक या नात्याने पाऊल टाकले नाही. आदिपर्वाच्या १९३३ मधील विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी आपले साध्य बांधून घेतले : उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते, तेथवरचा प्राचीनतम पाठ. व्यासांचे मूळ भारत त्यांनी कोणाला देऊ केले नाही. हा संकोच पुष्कळांना निराश करून गेला, कारण लोकांना मूळ हवे होते. पण ज्याची कसोटी लावता येत नाही असे साध्य स्वीकारले असते, तर त्या चिकित्सेतील प्रत्येक निर्णय पुन्हा संपादकाच्या अभिरुचीवरच येऊन ठेपला असता. म्हणजे नीलकंठांच्याच वाटेने जावे लागले असते.

दुसरी सवय नोंदीची. आदिपर्वाच्या एकंदर २३५ पोथ्यांची माहिती त्यांच्यासमोर होती. त्यांपैकी १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू, २६ मल्याळम, ५ नेपाळी, ३ शारदा आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी यांची प्रत्येकी एक. सुमारे सत्तर पोथ्या पूर्णतः वा अंशतः ताडून पाहण्यात आल्या आणि प्रत्यक्ष पाठसिद्धीसाठी साठ उपयोगात आणल्या गेल्या. ताडणीसाठी चौकटी आखलेले कागद असत. श्लोक एकेका अक्षराने चौकटीत उतरवावयाचा, आणि प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराच्या खाली लिहावयाचा. अधिक श्लोक असतील तर ते वेगळे नोंदवावयाचे. पुण्याखेरीज शांतिनिकेतनात विश्वभारती आणि तंजावरास सरस्वती महाल येथे हे काम चाले, कारण बंगाली आणि दाक्षिणात्य लिप्या सफाईने वाचणारे पंडित तेथे होते. कागदावरच्या चौकटी हे दिसावयास क्षुल्लक साधन आहे. त्यामागील विचार मात्र क्षुल्लक नाही. कोणता भेद महत्त्वाचा हे ताडणाऱ्याने ठरवावयाचे नाही, त्याने फक्त जे दिसते ते लिहावयाचे. निवड पुढे, सर्व पुरावा एका दृष्टिक्षेपात आल्यावर. चांगला शास्त्री पोथी वाचताना चुका आपोआप सुधारीत जातो, आणि अशा सुधारण्यातच पुरावा नाहीसा होतो. या कामात शास्त्र्याची विद्वत्ता हवी होती, आणि तीच काही काळ आवरूनही धरावयाची होती.

चुकांचे मोल सुकथनकरांना किती होते, हे त्यांनी ‘क’ या चिन्हाने निर्दिष्ट केलेल्या पोथ्यांच्या बाबतीत दिसते. या पोथ्या देवनागरीत आहेत. लिपीनुसार वर्ग पाडावयाचे तर त्या मुंबई-काशीच्या देवनागरी पोथ्यांबरोबर गेल्या पाहिजेत. परंतु त्यांच्यातील काही लेखनदोष असे आहेत, की जी अक्षरे देवनागरीत एकमेकांसारखी दिसतच नाहीत, त्यांचा तेथे घोटाळा झाला आहे. शारदा लिपीत मात्र ती अक्षरे सारखी दिसतात. तेव्हा या पोथ्यांच्या पाठीमागे काश्मीरकडील शारदा आदर्श प्रती आहेत हे अनुमान निघते. जी शारदा पोथी भूर्जपत्रावर लिहिलेली आणि खंडित होती, तिच्या साक्षीला या ‘क’ पोथ्यांनी बळ दिले. शुद्ध लिहिणारा लेखक येथे काहीच सांगू शकला नसता. अज्ञ लेखकाने केलेली प्रामाणिक चूक शेकडो वर्षांनी साक्षीदार म्हणून उभी राहिली.

खरा कळीचा प्रश्न पुढेच होता. काश्मीरकडील पाठ सर्वांत आखूड. दक्षिणेतील सर्वांत फुगलेला. आखूड तोच जुना, असे गृहीत धरणे सोपे आहे आणि अशास्त्रीयही, कारण लेखकाच्या हातून ओळी गळतातही. काश्मीरमध्ये मजकूर गळला आणि इतरत्र तो टिकला, असे का नसावे? सुकथनकरांनी या शंकेला दिलेले उत्तर हा त्यांच्या प्रस्तावनेतील सर्वांत भक्कम भाग मानावा लागेल. काश्मिरी पाठात नसलेला एखादा प्रसंग जर केवळ तेथेच नसेल, तर तो गळला असणे शक्य आहे. पण तोच प्रसंग मल्याळम पोथ्यांतही नसेल, किंवा बंगालमधील पोथ्यांतही नसेल, तर काय म्हणावे? एकमेकांशी संपर्क नसलेल्या, निरनिराळ्या लिप्यांत लिहिणाऱ्या, हजार कोसांचे अंतर असलेल्या लेखकांच्या हातून नेमका तोच मजकूर, नेमका त्याच जागी गळावा, हे एकदा घडू शकेल. पुनःपुन्हा घडणार नाही. म्हणून ज्या दोन शाखा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत त्यांचे ऐकमत्य हेच पाठाचे मुख्य प्रमाण ठरते. पोथ्यांची बहुसंख्या हे प्रमाण ठरत नाही. १०७ देवनागरी पोथ्या एका बाजूस आणि मूठभर काश्मिरी व मल्याळम पोथ्या दुसऱ्या बाजूस असल्या, तरी साक्ष मोजावयाची ती डोकी मोजून नव्हे. देवनागरी ही देशभर वाचली जाणारी लिपी असल्यामुळे सर्व प्रांतांचे पाठ तिच्यात येऊन मिसळले, आणि त्यामुळेच तिच्या पोथ्यांची स्वतंत्र साक्ष दुबळी झाली. शारदा आणि मल्याळम या लिप्या त्यांच्या प्रदेशाबाहेर फारशा वाचल्या जात नसल्याने त्यांतील पाठ भेसळीपासून पुष्कळ अंशी बचावले. प्रसाराची सोय पाठाच्या शुद्धतेला मारक ठरते, ही गोष्ट आधुनिक वाचकाला थोडी विनोदी वाटण्याजोगी आहे.

जेथे स्वतंत्र शाखा एकमत होत नाहीत तेथे काय करावयाचे? त्यासाठी दुसरा नियम : ज्या पाठापासून इतर पाठ कसे निर्माण झाले हे सांगता येते, तो मूळचा. दोन शब्दांमधील स्वरसंधी न झाल्याने पडणारा खंड हे याचे उत्तम उदाहरण आहे. महाकाव्याच्या जुन्या भाषेत असा खंड चालत असे. पाणिनीय शुद्धतेत वाढलेल्या पुढील लेखकांना तो खटके. मग तो बुजविण्यासाठी एका शाखेत ‘हि’ आला, दुसरीत ‘च’, तिसरीत ‘तु’. केवळ अर्थाकडे पाहणारा संपादक या तिघांतून एक निवडील. कारणाकडे पाहणारा संपादक विचारील, की एकाच जागी तीन शाखांना तीन वेगवेगळी ठिगळे का लावावी लागली? येथे कापड फाटलेले होते म्हणून. काही ठिकाणी कोणत्याही पोथीत हा खंड शिल्लक राहिलेला नाही, तरीही ठिगळांच्या विविधतेवरून तो सुकथनकरांनी अनुमानाने पुनः स्थापित केला. अशा दुरुस्त्या त्यांनी अत्यंत मोजक्या केल्या, आणि त्या दुरुस्त्या आहेत हे स्पष्ट दाखविले.

या पद्धतीवर आक्षेप आले, आणि ते हलके नव्हते. सिल्व्हाँ लेव्ही यांनी आदिपर्वाच्या पहिल्या भागांचे स्वागत करतानाच असे सुचविले, की हा पुनर्रचनेचा खटाटोप सोडावा, नीलकंठांचा प्रचलित पाठ छापावा आणि खाली महत्त्वाचे पाठभेद द्यावेत. त्यांचे म्हणणे असे की सिद्ध होणारा पाठ कोणत्याही एका पोथीत सापडणार नाही, कोणत्याही काळी कोणीही वाचलेला नसेल. वाल्टर रुबेन यांनी संपादनाच्या तात्त्विक बैठकीवरच लिहिले, आणि सुकथनकरांनी १९३० मध्ये त्यांना स्वतंत्र लेखाने उत्तर दिले. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी सिद्ध झालेली पोथ्यांच्या वंशवृक्षाची रीत महाभारताला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे शाखांची भेसळ झाली आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलेले होते. साधन अपुरे आहे हे ठाऊक असताना त्याचे जे भाग टिकतात ते वापरावयाचे, आणि जेथे टिकत नाहीत तेथे तसे चिन्ह करावयाचे, हा त्यांचा मार्ग. यातूनच छापील पाठाखालील तरंगरेषा आली. ज्या शब्दांच्या निश्चितीविषयी संपादकास शंका आहे, त्यांच्याखाली नागमोडी रेघ. धार्मिक ग्रंथाच्या छापील प्रतीत संपादक वाचकाला ओळीओळीला सांगतो, की येथे मला खात्री नाही. आपल्या ग्रंथसंस्कृतीत ही रेघ जितकी नवी होती तितके नवे त्या आवृत्तीत दुसरे काही नसावे. त्याचप्रमाणे जे गाळले ते फेकले गेले नाही. लहान भर तारांकित करून तळटिपांत, मोठी परिशिष्टांत. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही, त्याला तो उलटविण्याचे सारे साहित्य त्याच पानांवर मिळते.

लोकांच्या मनाला लागले ते अर्थात या परिशिष्टांमुळेच. व्यासांचा लेखक म्हणून गणपती आला ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक. ती आपण पाहिलेल्या दाक्षिणात्य पोथ्यांत नाही, हे विंटरनित्स यांनी १८९८ मध्येच दाखविले होते. आदिपर्वात ती परिशिष्टात गेली. पुढे फ्रँकलिन एजर्टन यांनी सिद्ध केलेल्या सभापर्वात (१९४४) द्रौपदीने श्रीकृष्णाचा केलेला धावा मूळ पाठात राहिला नाही. वस्त्रे एकामागून एक प्रकट होतात, ती कोणी पुरविली हे पाठ सांगत नाही. कीर्तनांतून आणि नाट्यपदांतून ज्या प्रसंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचे डोळे पाणावले, तो नंतरचा आहे हे ऐकून दुखावलेल्या श्रद्धेला कोणी हसू नये. मात्र त्या दुखावण्याला दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. ‘प्रक्षिप्त’ म्हणजे खोटे असे चिकित्सक आवृत्तीने म्हटले नाही. हा भाग या शाखेत या टप्प्यावर आला, एवढेच तिने सांगितले. द्रौपदीला कृष्णाची हाक का द्यावीशी वाटली, हा प्रश्न भक्तिसंप्रदायांच्या अभ्यासकाला त्यामुळेच प्रथम विचारता येतो. सगळेच मूळ मानले तर विचारावयास जागाच उरत नाही.

वैज्ञानिक अनुमानाची खरी परीक्षा ते मांडल्यानंतर मिळणाऱ्या पुराव्याने होते. साहित्याच्या अभ्यासात असे भाग्य विरळा. सुकथनकरांना ते लाभले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण छापून झाले, आणि त्यानंतर नेपाळमध्ये राजगुरू हेमराज यांच्या प्रयत्नाने आदिपर्वाची एक अतिप्राचीन ताडपत्राची पोथी उजेडात आली. संपादनाच्या वेळी ती कोणीही पाहिलेली नव्हती. सुकथनकरांनी लगेच ती आपल्या छापील पाठाशी ताडून पाहिली आणि १९३८–३९ च्या सुमारास त्यावर लेख लिहिला. त्यांनी गाळलेले पुष्कळसे भाग त्या पोथीतही नव्हते. विशेष म्हणजे केवळ तर्काने केलेल्या ज्या दुरुस्त्यांना तोवर कोणत्याही पोथीचा आधार नव्हता, त्यांतील बऱ्याच तेथे प्रत्यक्ष लिहिलेल्या आढळल्या. सगळ्याच आढळल्या नाहीत, हेही त्या लेखात आहे. लेव्हींचा आक्षेप (असा पाठ कोणत्याही पोथीत सापडणार नाही) तत्त्वतः यामुळे खोडला जात नाही. पण तो पाठ हवेतला नव्हता, हे या एका पोथीने जितके सिद्ध केले तितके शंभर युक्तिवादांनी झाले नसते.

याच विद्वानाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध लेखाची तुलना येथे उपयोगी पडेल. भृगू आणि भारत यांच्या संबंधावरील १९३६ च्या निबंधात त्यांनी असे सुचविले, की भार्गव कुळाच्या कथांचे महाभारतातील प्राबल्य पाहता मूळ भारताचे संस्करण भृगूंच्या हातून झाले असले पाहिजे. निबंध विद्वत्तेने भरलेला आहे, आणि पुढील अर्धशतकात त्याचा प्रभावही मोठा पडला. परंतु भार्गव कथा सर्वच शाखांत आहेत. त्यामुळे हे अनुमान बरोबर की चूक हे कोणतीही पोथी सांगू शकत नाही. उद्या दहा नवी हस्तलिखिते सापडली तरी त्याला धक्का लागणार नाही, आणि हीच त्याची उणीव आहे. एकाच माणसाच्या लेखणीतून कसोटीला उतरणारे आणि कसोटीपलीकडचे असे दोन्ही प्रकारचे विचार निघू शकतात. वैज्ञानिक बुद्धी ही एकदा मिळविली की कायम राहणारी पदवी नसते.

सुकथनकर जानेवारी १९४३ मध्ये वारले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम चालविले, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ग्रंथाच्या पूर्ततेचा समारंभ झाला. तोवर ताडलेल्या पोथ्यांची संख्या १,२५९ झाली होती. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची आवृत्ती याच धर्तीवर १९७५ पर्यंत पुरी केली. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हीच रीत भर्तृहरीच्या सुभाषितांना लावली. त्यांच्या १९४८ च्या आवृत्तीत, पोथ्यांत भर्तृहरीच्या नावावर मिळणाऱ्या आठशेंहून अधिक श्लोकांतून सर्वसामान्य असे केवळ दोनशे पहिल्या वर्गात राहिले. त्याच कोसंबींनी प्राचीन नाणी तोलताना, वापराने नाण्याचे वजन घटते हे गृहीतक चलनातील आधुनिक नाणी मोठ्या संख्येने तोलून आधी तपासून घेतले होते.

मराठीत या पद्धतीची गरज सर्वाधिक भासते ती ज्ञानेश्वरीच्या संदर्भात. एकनाथांनी १५८४ मध्ये अशुद्ध झालेल्या पोथ्या पाहून ग्रंथ शुद्ध केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. ती पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही, आणि म्हणून त्या छापील पाठाविषयीचा वाद आजही राजवाड्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, याच वळणावर येऊन थांबतो. राजवाड्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. प्रश्न विद्वत्तेचा नाही, दुसऱ्याला पडताळा घेता येतो की नाही याचा आहे.

गाइल्या जाणाऱ्या साहित्यापाशी मात्र ही पद्धत अडखळते. पारसनाथ तिवारी यांनी १९६१ मध्ये कबीराच्या वाणीची पाठचिकित्सा शाखांच्या ऐकमत्याच्या तत्त्वावर केली. विनांद कालेवर्त आणि मुकुंद लाठ यांनी नामदेवांच्या हिंदी पदावलीच्या १९८९ च्या संपादनात त्याच तत्त्वाच्या गृहीतकावर बोट ठेवले. राजस्थानातील जुन्या पोथ्यांतील भेद लेखकाच्या डोळ्यांनी केलेल्या चुका नाहीत. ते गायकांच्या गळ्यातून आलेले आहेत. गायक कडव्यांचा क्रम बदलतो, तालासाठी शब्द घालतो, आणि दोन दूरच्या प्रांतांतील गायक यात्रेत भेटून एकमेकांची पदे उचलतात. तेथे दोन पोथ्यांचे ऐकमत्य स्वतंत्र साक्ष होईलच असे नाही. एकविसाव्या शतकात द्यूतपर्वाच्या पाठभेदांना जीवशास्त्रातील वंशवृक्ष काढण्याच्या संगणकीय रीती लावून पाहण्यात आल्या आहेत, आणि भेसळ झालेल्या शाखांना झाडापेक्षा जाळ्याची आकृती अधिक शोभते काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला आहे. कबीर, मीरा, नामदेव यांच्या पदांचे वाङ्मय असे जाळे मांडून पाहण्यासाठी भरपूर आहे. त्यासाठी लागणाऱ्या ताडण्या, चौकटीच्या कागदावर असोत वा संगणकात, बहुतांशी अद्याप व्हावयाच्या आहेत.